अमेरिकेत रूममेट शोधताय?

रूममेटसाठीच्या जाहिरातीत काय लिहावं, हे ती टाकण्याआधी विचारलंस, हे बरं केलंस. १९६८ चा फेअर हाउसिंग ॲक्ट घर भाड्याने देताना वंश, धर्म, मूळ देश वगैरे पाहून भेदभाव करू देत नाही. राहत्या घरात सोबती निवडणं वेगळं. तिथे हा कायदा लागत नाही, असं नवव्या सर्किट कोर्टाने (तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयांपैकी एक) २०१२ मध्ये ठरवलं. पण तो निकाल कॅलिफोर्नियासारख्या पश्चिमेकडच्या राज्यांपुरता, आणि राज्यांचे कायदे निराळे.

नवखे चुकतात ते जाहिरातीत. 'फक्त हिंदू', 'फक्त भारतीय' असं लिहून मोकळे होतात (आम्हीही लिहिलं होतं!). त्याऐवजी सवयी लिही:
- सिगारेट, पाहुणे, रात्रीचा गोंगाट
- भाडं कधी, किती

लीज (घराचा भाडेकरार) आधी वाच, घरमालकाची लेखी परवानगी घे. आणि व्हिडिओ कॉलवर तरी बोलल्याशिवाय होकार देऊ नकोस.