गाऱ्हाणं आहे, ते गाऱ्हाण्यासारखंच घाल

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री दोन वाजता तू पाठवलेलं सगळं तीनदा वाचलं. बाबांच्या किडन्या, आठवड्यातून तीनदा होणारं डायलिसिस, आईची चिडचिड, तुझी सुटत आलेली नोकरी, सगळं त्यात आहे. पण तुला विचारायचं होतं ते शेवटच्या चार ओळींत आलं. डायलिसिसचे चार तास बाबांच्या शेजारी बसलेली असताना कधीतरी मनात येतं की हे एकदाचं संपावं. मग लाज वाटते. घरी येऊन समई लावतेस, 'बाबांना बरं कर' म्हणतेस, आणि म्हणताना तुलाच ते खोटं वाटतं. म्हणून गेले आठ दिवस देवासमोर उभीच राहिलेली नाहीस. आपला विश्वास उडाला की काय, असं विचारतेस.

उडालेला नाही. उडाला असता तर खोटं बोलताना जीभ अडखळली नसती. ज्याच्यावर भरवसाच नाही त्याच्याशी माणूस बिनदिक्कत खोटं बोलतो.

मला सांगायचं आहे ते एकच, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: जे आहे तेच बोल.

आपल्याकडे संकटात देवापुढे जे घालतात त्याला गाऱ्हाणं म्हणतात. शब्दाचा अर्थच तक्रार. शिमग्याच्या मांडावर, देवळाच्या चौकात तू ते लहानपणापासून ऐकत आलीस, पण त्याची बांधणी कधी नीट बघितली आहेस का? आधी हाका: ग्रामदेवता, कुळदेवता, सातेरी, रवळनाथ, वेशीवरचा राखणदार, कुणालाही न वगळता. मग ओळख: अमक्या वाड्यावरचं, अमक्या घरातलं लेकरू तुझ्या पायरीशी आलं आहे. मग अडचण, काही न झाकता. दुखणं आहे, पोरीचं लग्न अडलं आहे, भावाभावांत बोलणं बंद आहे. त्यानंतर चूक: काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे. मागणं येतं ते सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येक तुकड्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या 'व्हय'ला फार किंमत आहे. शेजारी साक्षीला उभा असतो, त्याला तुझ्या घरात काय चाललं आहे ते ठाऊक असतं. तिथे सजवून सांगितलेलं टिकत नाही.

तू काय करतेस? अडचणीचा भाग गाळतेस आणि थेट मागण्यावर येतेस. खोटेपणा शिरतो तो तिथून. तुझ्या घरात अडचणी दोन आहेत. एक बाबांचं दुखणं. दुसरी, तू थकली आहेस, तुला त्यांचा राग येतो, आणि त्या रागाची भीती वाटते. पहिली तू रोज सांगतेस. दुसरी लपवतेस. अर्धं गाऱ्हाणं घालून पूर्ण उत्तराची वाट बघतेस. जे आहे तेच बोल, बाय. 'देवा, आज मला वाटलं की हे संपावं' हे वाक्य तुझ्या देवघरात उच्चारल्याने बाबांच्या केसालाही धक्का लागणार नाही. शेवटचे दिवस जवळ आले की आपली माणसंच 'आता सोडव रे देवा' म्हणतात, आणि त्यांना कुणी पापी म्हणत नाही. माणूस बघवत नाही म्हणून ते येतं.

आता कसं करायचं ते. रात्री दोन वाजता प्रार्थना करू नकोस. त्या वेळी झोप मागणारं शरीर बोलतं आणि आपल्याला वाटतं देवाने पाठ फिरवली. तिन्हीसांजेला समई लागली की दहा मिनिटं घे, त्याहून जास्त नको. फोन दुसऱ्या खोलीत. घर भरलेलं असेल तर तुळशीकडे जा. तोंडाने बोल, हळू आवाजात का होईना, पण शब्द कानावर पडले पाहिजेत. मनातल्या मनात बोलताना आपण न कळत वाक्य दुरुस्त करतो, जिभेवर आलेलं मागे घेता येत नाही.

आणि भाषा. आपल्या आरत्या मराठीत, भजनं मराठीत, आणि घरातलं भांडण कोंकणीत. देवासमोर उभं राहिल्याबरोबर तू पुस्तकी मराठीत शिरतेस. ती भाषा आरतीसाठी ठेव. गाऱ्हाणं त्याच भाषेत घाल ज्या भाषेत तू आईशी भांडतेस. 'देवा, म्हाका आतां जायना', मला आता होत नाही, एवढंच निघालं तर त्या दिवसाला तेवढं पुरे.

पहिलं वाक्य आजच्या दिवसातलं असू दे, बारकाव्यासकट. 'आम्ही संकटात आहोत' हे कुणीही कुणाबद्दल म्हणू शकतो. 'आज डायलिसिसआधी अंगात पाणी साचून बाबांचं वजन तीन किलो वाढलेलं निघालं, नर्स मला बोलली, आणि मी घरी येऊन बाबांना बोलले' हे तुझं आहे. मग राग, कुणावर आहे त्याचं नाव घेऊन. देवावर असेल तर देवाचं. मग चूक, पण नेमकी. 'मी वाईट मुलगी आहे' ही चूक होत नाही, ती स्वतःला दिलेली शिवी आहे. 'मी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातातून ओढून घेतला' ही चूक. ती कबूल करता येते आणि उद्या सुधारता येते. शेवटी एकच मागणं, एका दिवसाच्या मापाचं: आज रात्री ते पाण्यासाठी हट्ट करतील तेव्हा माझा आवाज चढू नये. बाबा पूर्ण बरे व्हावेत, हेही माग, मी अडवत नाही. पण त्याच्याबरोबर हे छोटं मागणं रोज हवंच. मोठ्या मागण्याचं उत्तर मिळालं की नाही हे कळायला वर्षं जातात, छोट्याचं झोपायच्या आधी कळतं.

बोलून झालं की दोन-तीन मिनिटं गप्प बस. बरं वाटायची वाट बघू नकोस. पुष्कळदा काहीच वाटत नाही, आणि इथेच लोक सोडून देतात. रडू आलं तर येऊ दे, आलं नाही म्हणून गाऱ्हाणं वाया गेलं असं नाही. मन फारच सैरभैर असेल तर आधी एक माळ ओढ. एकशे आठ मण्यांना दहाएक मिनिटं लागतात, श्वास ताळ्यावर येतो. मात्र जपाच्या आड लपू नकोस. जप संपल्यावर बोलायचंच.

तुझ्या आईला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. मी पोरांना देवाशी उद्धटपणे बोलायला शिकवतो, असं तिचं मत आहे. असू दे. खूप वर्षं मी देवासमोर इस्त्री केलेल्या शब्दांत बोललो. त्यातली एकही प्रार्थना मला आज आठवत नाही, कारण तिच्यात मी नव्हतोच. ती वर्षं परत येत नाहीत. म्हणून तुझ्या मागे लागलो आहे, आणि या बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही.

आता त्या प्रसादाचं. आत्याने देवळात जाऊन 'भाऊ बरा होईल का' म्हणून कळ्यांचा प्रसाद लावायला सांगितला, डावीकडची आधी पडली, आणि घरात सुतक आल्यासारखं झालं. मला प्रसाद न मानणाऱ्यांतला समजू नकोस. पण प्रसाद कशासाठी लावतात? पाण्याने कळ्या किंवा पाकळ्या मूर्तीवर ठरलेल्या जागी चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि बहुतेक ठिकाणी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार धरतात. म्हणजे प्रश्न हो-नाहीचा लागतो, आणि तो आपल्या हातातल्या कामाचा लागतो: हे कार्य या महिन्यात करावं का, ही जागा घ्यावी का. कुणी किती जगेल हा प्रश्न तिथे विचारायचाच नसतो. प्रश्न चुकला, मग उत्तराचा अर्थ काय लावणार? आणि आता दुसऱ्या देवळात जाऊन पुन्हा लावूया म्हणतात, तेही थांबव. मनासारखं येईपर्यंत विचारत राहणं म्हणजे उत्तर आधीच ठरवून जाणं. तिथेही तेच: तुम्हाला भीती वाटते आहे, तर देवाला भीती वाटते असं सांगा. भीतीचा प्रश्न करू नका.

आंगवणीचं, म्हणजे नवसाचं, थोडक्यात. तीन देवांना तीन बोलली आहेस, शिवाय म्हापशाच्या चर्चमधल्या सायबिणीला, मेरीमातेला, तेल. आंगवण हे कर्ज आहे. फेडता येईल एवढीच बोलावी, आणि ती तू फेडायची असावी; बाबांनी चालत यायचं किंवा आईने दागिना वाहायचा असं तू परस्पर ठरवू शकत नाहीस. बोललेल्या आंगवणी वहीत लिहून ठेव आणि नवी बोलू नकोस.

सोमवारचा निर्जळी उपास आजपासून बंद. सोमवारीच डायलिसिस, तूच त्यांना गाडीतून उतरवणार, तूच चार तास बसणार, आणि घेरी आली म्हणून मागच्या आठवड्यात तुलाच बाकावर झोपवावं लागलं. याला भक्ती म्हणायला मी तयार नाही. देवाला सांग, 'मला जमत नाही, मी जेवणार आहे', आणि पेज पिऊन निघ. हेही खरं बोलणंच.

तू विचारलंस की इतकी वर्षं सेवा करून आमच्याच घरात हे का. याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि देणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. फक्त तुझ्या घरापासून जवळच असलेल्या नार्व्याला, सप्तकोटेश्वराच्या देवळात, एकदा जाऊन बस. हा देव मूळचा दिवाडी बेटावरचा, गोव्याच्या कदंब राजांचं दैवत. १५४० च्या सुमारास तिथलं देऊळ पाडलं गेलं, लोकांनी लिंग नदीपार आणलं. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने नार्व्याचं देऊळ बांधलं गेलं ते १६६८ साली. मधे सव्वाशे वर्षं. ज्यांनी ते लिंग होडीतून आणलं त्यांच्यापैकी एकालाही १६६८ दिसलेलं नाही. त्यांची नातवंडं, पतवंडंही गेली असतील. तरी रोज कुणीतरी पाणी घालत राहिलं, फूल वाहत राहिलं. भरवसा म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी ती सव्वाशे वर्षं दाखवीन. निकाल लागेल याची खात्री त्यात कुठेच नव्हती. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलणं मात्र तुटू दिलं नाही. तुझे तर आठच दिवस तुटले आहेत.

आता थोडं घरातलं, कारण देवाच्या नावाखाली त्यात चुका होताहेत. देवळातून आलेलं प्रसादाचं केळं आणि अभिषेकाचं शहाळं बाबांना देऊ नका. दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं. निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. प्रसाद त्यांच्या कपाळाला लाव आणि तू खा. तीर्थ पळीभर चालेल, पण तेही दिवसाच्या पाण्यात धर; चहा, पेज, सोलकढी, सगळं त्यातच. डॉक्टरांनी जेवढं सांगितलं आहे तेवढं पाणी सकाळी बाटलीत भर. ते काही प्यायले की तेवढं बाटलीतून कमी कर. मग भांडण तुमच्या दोघांत राहत नाही, उरलेलं सगळ्यांना दिसतं.

आत्याने आणलेला दोरा फिस्टुलाच्या हाताला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी रक्तवाहिन्या जोडून घेतलेल्या हाताला, बांधला आहे, तो आजच सोड आणि दुसऱ्या हाताला बांध. त्या हाताला दोरा, घड्याळ, कडं, काहीही घट्ट नको. दाबलं तर रक्त गोठून फिस्टुला बंद पडतो. रक्तदाबही त्या हातावर मोजू द्यायचा नाही, सुईही डायलिसिसचीच.

आणि रोज सकाळी त्या जागेवर दोन बोटं हलकेच ठेव. आतून मांजराच्या घुरघुरण्यासारखी थरथर लागते. ती लागली तर फिस्टुला चालू आहे. नाही लागली तर संध्याकाळची वाट बघू नकोस, तसंच डायलिसिस सेंटरला फोन कर आणि त्यांना घेऊन नीघ. बोटं ठेवलेली असताना एक वाक्य बोलायला वेळ असतो. त्या सकाळी जे खरं असेल ते बोल, थकले आहे तर थकले आहे.

सोमवारी रात्री कळव, वजन किती भरलं आणि तू जेवून गेली होतीस की नाही.

तुझा,
काका