फुलपाखरासारखा उडणारा चतुर

प्रश्न : इंदूरच्या सिरपूर तलावावर अनेक पावसाळे मी छायाचित्रांत पाहिलेल्या एका चतुराच्या शोधात हिंडत होतो. त्याचे पंख पिवळसर व त्यांवर काळे ठिपके असतात. यंदा सप्टेंबरात पाणवनस्पतींवर तसाच एक फडफडताना दिसला. परंतु त्याच्या पुढच्या पंखांचा टोकाकडील भाग पारदर्शक, तर मागचे पंख बरेचसे काळे व सोनेरी होते. सोबतचे काका म्हणाले, हे फुलपाखरू आहे. मी पाहिला तो तोच चतुर का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून ती त्याच जातीची, म्हणजे रायोथेमिस व्हेरिएगाटाची मादी असावी. या जातीच्या नराच्या चारही पंखांवर पिवळी झाक असते. मादीच्या पुढच्या पंखाचा मात्र, वरच्या कडेच्या मध्याजवळ जो सांधा असतो त्यापुढचा भाग पारदर्शक असतो आणि मागच्या पंखावर काळा व सोनेरी रंग अधिक पसरलेला असतो. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७६३ मध्ये नोंदवलेली ही जात दुर्मीळ नाही. पण छायाचित्रे बहुधा नरांचीच काढली जात असल्याने मादी समोर आली तरी नवशिक्याला ती परकी वाटते.

काकांनाही दोष देता येणार नाही. इतर चतुर सरळ, वेगाने झेपावतात. हा मात्र रेंगाळत, हेलकावे घेत उडतो. खात्री करायची असल्यास शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा पाहाव्यात. फुलपाखराच्या शृंगिका लांब, टोकाशी गाठ असलेल्या असतात. चतुराच्या केसासारख्या आखूड असल्याने त्या चटकन दिसतही नाहीत. शिवाय हा चतुर बसल्यावर पंख पसरूनच ठेवतो.

सिरपूर ही जागा त्याला मानवणारी आहे. होळकरांच्या काळात बांधलेल्या या तलावाला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. हा तलाव प्रामुख्याने पक्ष्यांमुळे लोकांच्या परिचयाचा आहे. चतुराच्या दृष्टीने महत्त्व आहे ते पाणवनस्पती असलेल्या उथळ काठांना, कारण त्याची अळी पाण्यातच वाढते आणि डासांच्या अळ्यांसारखे लहान जीव खाते. काठ साफ करून सिमेंटने बांधून काढले, तर तेथे असे चतुर शोधण्यात अर्थ उरणार नाही.

पुढच्या वेळी पंख वरून व शरीर बाजूने, अशी दोन छायाचित्रे घ्यावीत आणि तारीख व ठिकाण टिपून ठेवावे. पकडण्याची गरज नाही. जवळपास नर फिरत असेल, तर त्याचेही छायाचित्र घ्यावे, म्हणजे दोघांच्या पंखांतील फरक शेजारी ठेवून पाहता येईल.