खांबाआडून दिसणारा सामना: जुन्या मैदानाविषयी वाचकांचे प्रश्न

संघाने मैदान बदललं की पत्रांचा सूर ठरलेला असतो: नवं स्टेडियम चकाचक आहे, पण तिथं करमत नाही. ही नुसती हळवेपणाची तक्रार म्हणून सोडून देऊ नये. जुन्या जागेत जे वाटायचं त्यातलं बरंचसं अंतर, उतार, छत आणि शेजार यांतून आलेलं असतं, आणि ते मोजता येतं. आठवण म्हणून घरी आणलेल्या खुर्च्या आणि गवताचे तुकडे कसे टिकवावेत, याबद्दलही बरेच प्रश्न आले आहेत.

प्रश्न: नव्या स्टेडियममध्ये प्रेक्षक दीडपट, तरी आवाज कमी वाटतो. हा कानांचा भास आहे का?

भास नाही. आधी माणसांचा हिशेब करू. लंडनचा आर्सेनल हा फुटबॉल संघ २००६ मध्ये हायबरी या जुन्या मैदानावरून एमिरेट्स या नव्या स्टेडियमला गेला तेव्हा सुमारे ३८ हजारांच्या जागी ६० हजार लोक आले. ऐकायला ही वाढ प्रचंड वाटते, पण डेसिबलमध्ये ती जेमतेम २ भरते, आणि एवढा फरक कानाला कसाबसा कळतो. उलट, उघड्यावर एका ठिकाणाहून निघालेला आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो. गर्दी पसरलेली असल्यामुळे घट इतकी कडक नसते, तरी लोक मागे सरकले की वाढीव माणसांचा फायदा तिथंच संपतो.

दुसरी गोष्ट छताची. जुन्या स्टँडवरचं पत्र्याचं बुटकं, उतरतं छप्पर आवाज गोळा करून मैदानाकडे ढकलायचं. नवं छत उंच असतं, कधी कापडासारख्या पडद्याचं. आवाज वर जातो, काही बाहेर निसटतो, उरलेला उशिरा परततो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. मधल्या मजल्यावर काचेच्या खोल्यांचा पट्टा असेल तर वरची आणि खालची गर्दीही तुटते.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि हिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ८५ मीटरवरची टाळी पाव सेकंद उशिरा पोचते. सेकंदाला दोन टाळ्या या ठेक्यात ती बरोबर तुमच्या दोन टाळ्यांच्या मधोमध पडते. दोन्ही बाजू एकमेकींना ऐकून जुळवायला जातात, ठेका रेंगाळतो आणि घोषणा विरते. म्हणून घोषणा देणाऱ्यांनी ३० मीटरच्या आत एकत्र बसावं, ढोल मधे ठेवावा, आणि लांबच्या स्टँडने कानाने न जुळवता हात किंवा झेंडा बघून ठेका धरावा. टॉटनहॅमच्या २०१९ मध्ये उघडलेल्या स्टेडियममध्ये एका गोलपोस्टमागे १७,५०० जागांचा एकसंध, मजले न पाडलेला स्टँड मुद्दाम बांधला, तो याच हिशेबाने.

प्रश्न: जुन्या स्टँडमध्ये समोर खांब होता, अर्धा गोलपोस्ट दिसायचा नाही. आता सगळं स्वच्छ दिसतं, तरी सामना लांब गेल्यासारखा का वाटतो?

कारण तुम्हाला जवळ आणून बसवणारा तो खांबच होता. आर्चिबाल्ड लीच यांच्यासारख्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या स्टँडमध्ये वरचा मजला खालच्या मजल्याच्या डोक्यावर पुढं आणलेला असे आणि त्याचा भार खांब पेलत. एव्हर्टनच्या गुडिसन पार्कमध्ये वरच्या मजल्याच्या कठड्यावरची लीच यांची लोखंडी जाळी पुरुष संघ २०२५ मध्ये मैदान सोडून जाईपर्यंत होती. खांब काढायचे तर छत आणि मजला मागून अधांतरी तोलावा लागतो. मग वरचा मजला मागे आणि वर सरकतो.

दुसरं कारण उताराचं. पुढच्या माणसाच्या डोक्यावरून तुमची नजर किती मोकळी जाते, ते मिलिमीटरमध्ये मोजतात. त्याला सी-व्हॅल्यू म्हणतात: १२० उत्तम, ९० चांगली, ६० म्हणजे कशीबशी. समजा तुमच्या पुढच्या माणसाचे डोळे मैदानाच्या कडेच्या रेषेपासून २० मीटर लांब आणि ८ मीटर उंच आहेत, आणि पायरी ४० सेंटिमीटर उंच, ८० सेंटिमीटर खोल आहे. मोकळीक येते ७७ मिलिमीटर. हीच रांग उचलून १० मीटर मागे नेली तर मोकळीक १८२ वर जाते. म्हणजे लांब गेलं की समोरची डोकी आपोआप कमी आड येतात. मग बांधणारा ४० सेंटिमीटरची पायरी २९ वर आणतो, मोकळीक जवळपास पूर्वीइतकीच राहते आणि बांधकाम आटोक्यात येतं. कागदावर सगळं बरोबर असतं. तुम्ही मात्र सपाट उतारावर, लांब बसलेले असता.

मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक असेल तर हे आणखी बोचतं. वेस्ट हॅम २०१६ मध्ये अप्टन पार्क सोडून ऑलिंपिकसाठी बांधलेल्या लंडन स्टेडियममध्ये गेला तेव्हा चाहत्यांचा मुख्य राग याच अंतरावर होता. जागा बदलून मिळणार असेल तर आमचा सल्ला असा: खालच्या मजल्याच्या पहिल्या पाच-सहा रांगा टाळा, तिथून खेळ सपाट दिसतो. त्याच मजल्याच्या वरच्या तिसऱ्या भागात बसून बघा. फक्त वरच्या मजल्याची कड डोक्यावर येऊन उंच चेंडू झाकत नाही ना, हे आधी तपासा.

प्रश्न: मैदान बदललं की संघ खरंच हरायला लागतो?

थोडा फरक पडतो. रिचर्ड पोलार्ड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीचे, त्याच शहरात नव्या जागी गेलेले ३७ संघ तपासले होते. पहिल्या हंगामात घरच्या मैदानाचा फायदा सुमारे पावपट घटलेला दिसला. खेळाडूंच्या नजरेला खुणा नव्या असतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं. नुकसान कायमचं नसतं.

प्रश्न: क्रिकेटमध्ये खेळपट्टीसुद्धा नव्या मैदानात नेता येते म्हणतात. मग पर्थ पूर्वीसारखं का वाटत नाही?

उचलून ठेवायची खेळपट्टी पोलादी चौकटीत बाहेर तयार करतात: साधारण २४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २० सेंटिमीटर जाड. उसळी चिकणमाती, ओल आणि रोलर यांवर अवलंबून असते, त्यामुळे ती बऱ्याच अंशी जमवता येते. वारा मात्र चौकटीत बसत नाही. वाका या पर्थच्या जुन्या मैदानाचे स्टँड ठेंगणे होते आणि दुपारी समुद्रावरून येणारा 'फ्रीमँटल डॉक्टर' नावाचा वारा थेट मैदानात शिरायचा. २०१८ पासून पुरुषांचे कसोटी सामने साठ हजारांच्या नव्या स्टेडियमच्या बंदिस्त वाडग्यात होतात. तिथं हा वारा कड्यावर आपटून फुटतो, आणि वाऱ्याविरुद्ध स्विंग करणाऱ्याचं गणितही त्याबरोबर बदलतं.

प्रश्न: जुन्या स्टेडियमची खुर्ची मिळाली आहे. घरात कशी बसवावी? वर रंगही द्यायचा आहे.

रंगाचं नंतर. आधी खुर्ची उलटी करून बघा. लोखंडी पट्टी बुडाखाली असेल तर ती जमिनीवर बसवायची, पाठीमागे असेल तर पायरीच्या उभ्या भिंतीला टांगायची. रांगेतल्या खुर्च्यांचे पाय सामाईक असतात: दोन खुर्च्यांना तीन, तीनला चार. एकटी खुर्ची घेणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळदा एकच पाय येतो, म्हणून पैसे देण्याआधी पाय मोजा.

टांगायची असेल तर भिंत काँक्रीटची किंवा भरीव विटांची हवी. पोकळ ब्लॉक किंवा जिप्सम चालणार नाही. हिशेब साधा आहे: १०० किलोचा माणूस भिंतीपासून ३० सेंटिमीटर पुढे बसला आणि पट्टीचे वरचे-खालचे बोल्ट १० सेंटिमीटर अंतरावर असले, तर वरच्या बोल्टांवर ३०० किलोचा ओढा येतो. धपकन बसला तर त्याहून जास्त. १२ मिलिमीटरचे अँकर बोल्ट किमान ८० मिलिमीटर आत जाऊ द्या. प्लॅस्टरची जाडी त्यात धरू नका. बैठक जमिनीपासून ४३ ते ४५ सेंटिमीटरवर ठेवा.

जमिनीवरच्या खुर्चीचा तळ आखूड असतो, कारण तो काँक्रीटला जखडलेला असायचा. नुसती ठेवली तर टेकताच मागे कलंडते आणि पुढच्या कडेवर जोर देऊन उठताना पुढे. १८ मिलिमीटर प्लायवुडचे दोन थर एकमेकांना चिकटवून फळी करा. ती पाठीच्या मागे १५ सेंटिमीटर आणि बैठकीच्या पुढच्या कडेच्याही थोडी पुढे जाईल एवढी खोल हवी. पट्टी ॲल्युमिनियमची आणि बोल्ट स्टेनलेसचे असतील तर मधे नायलॉनचा वायसर घाला, नाहीतर ओल लागली की ॲल्युमिनियम पांढरं पडून खात जातं.

आता रंग. प्लॅस्टिकची खुर्ची बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते आणि उन्हाने तिच्यावर पांढरी भुकटी धरते. साबणाच्या कोमट पाण्याने ती धुवा आणि तिथंच थांबा. या प्लॅस्टिकवर खास प्रायमरशिवाय रंग धरत नाही, महिन्याभरात पापुद्रे सुटतात. लाकडी खुर्चीच्या जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. तो कोरडा घासू नका, जाळूनही काढू नका. पाणी लावलेल्या पॉलिश पेपरने फक्त सुटे पापुद्रे उतरवा, लगदा ओल्या फडक्याने पुसून फेकून द्या, मुलांना लांब ठेवा. आणि आकड्याला हात लावू नका. कडेला दिसणारे तीन-चार रंगांचे थर, ग्राइंडरने कापलेल्या बोल्टचं थोटूक, पुढच्या कडेची झीज हेच तिच्या खरेपणाचे पुरावे असतात. चकचकीत नवा रंग आणि कोरे बोल्ट असलेली 'जुनी' खुर्ची दिसली तर प्रमाणपत्रावरचा रांगेचा आकडा खुर्चीवरच्या आकड्याशी जुळवून बघा.

प्रश्न: छताच्या पन्हाळी पत्र्याचा तुकडा ठेवला तर?

लोखंडी असेल तर ठेवा. राखाडी, सिमेंटसारखा, कडेला तंतू दिसणारा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तो घरात आणू नका, आणि आणलाच असेल तर कापू, घासू, फोडू नका. ओला करून जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बंद करा आणि घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेला द्या.

प्रश्न: मैदानाचं गवत कुंडीत जगेल का?

जगेल, पण त्याचं वय मानता तेवढं नसतं. व्यावसायिक फुटबॉल मैदानांवर हंगाम संपला की वरचा थर खरवडून नव्याने पेरणी करतात. म्हणजे तुमच्या हातात बहुधा त्या एकाच वर्षाचं गवत आहे. थंड देशांत ते राय गवत असतं आणि कडक उन्हाळ्यात ते टिकत नाही. १५ सेंटिमीटर खोल, तळाला भोकं असलेली कुंडी घ्या. मिश्रणात ८० टक्क्यांहून जास्त वाळू घाला, कारण मुळांना तीच सवय आहे. काळ्या मातीत लावलं की पाणी साचून मुळं कुजतात. पाच-सहा तास ऊन द्या, कात्रीने एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. मधे न वाढणारी हिरवी पाती दिसली तर दचकू नका, मिश्र मैदानात प्लॅस्टिकचे धागे शिवलेले असतात.

वाळवून ठेवायचं असेल तर माती दोन सेंटिमीटरवर आणा, सिलिका जेलमध्ये पूर्ण सुकवा आणि मगच बंद डबीत ठेवा. ओलं गवत रेझिनमध्ये ओतलं की आत धुकं धरतं, ते परत निघत नाही.

प्रश्न: जुनी तिकिटं फिकट पडत आहेत.

गुळगुळीत, उष्णतेने छापलेली तिकिटं फिकी होणारच. आज ६०० डीपीआयवर स्कॅन करा. लॅमिनेशनच्या उष्णतेने ती काळी पडतात. मऊ पीव्हीसीचे खिसे टाळा, पॉलिस्टरचे वापरा. सेलोटेप नको.

प्रश्न: पंचवीस वर्षांचे शेजारी नव्या जागेत विखुरले. पुन्हा एकत्र बसता येईल?

जागावाटप सुरू होण्याआधी गट म्हणून एकच अर्ज करा. काही ठिकाणी गटातल्या सर्वांत कमी ज्येष्ठतेच्या माणसावरून गटाची पाळी ठरते, त्यामुळे दहा जणांपेक्षा चार-चारचे गट करून एकामागे एक दोन रांगा मागणं शहाणपणाचं. गेलेली संधी पुढच्या हंगामाच्या नूतनीकरणात, सोडलेल्या जागा वाटताना परत येते. आठ जणांनी एका सरळ रेषेत बसण्याचा हट्ट धरू नका. टोकाच्या दोघांना एकमेकांचं बोलणं तसंही ऐकू येत नाही.

प्रश्न: जुन्या मैदानावर आता घरं आहेत. मधला बिंदू नेमका कुठं होता, हे शोधता येईल?

येईल. जुनं हवाई छायाचित्र किंवा मोठ्या प्रमाणाचा नकाशा घ्या. आजही जागेवर असलेल्या तीन खुणा निवडा: चर्च, रस्त्याचा कोपरा, रेल्वेचा पूल. त्या आजच्या उपग्रहचित्रावर जुळवा. चौथी खूण पडताळणीसाठी ठेवा. ती दोन मीटरच्या आत जुळली नाही तर नकाशा ताणला गेला आहे. मग मैदानाची लांबी आणि रुंदी दोन्ही अर्ध्यावर आणा, १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानात ५२.५ आणि ३४ वर. सगळी मैदानं १०५ बाय ६८ नव्हती, त्या मैदानाचं जुनं माप शोधा. फोनचा जीपीएस तीन ते पाच मीटर चुकतो, म्हणून शेवटचं माप एखाद्या भिंतीच्या कोपऱ्यापासून टेपनेच घ्या.

इंग्लंडमधल्या मिडल्सब्रोमध्ये हे काम कायमचं करून ठेवलं आहे. संघ १९९५ मध्ये एअरसम पार्क सोडून गेला, तिथं घरं उभी राहिली, आणि नेव्हिल गॅबी या कलाकाराने जुन्या मैदानाच्या जागा ब्राँझमध्ये खुणावल्या. १९ जुलै १९६६ रोजी फुटबॉल विश्वचषकात उत्तर कोरियाच्या पाक दू-इकने इटलीविरुद्धचा एकमेव गोल जिथून मारला, तिथं एका घरापुढच्या हिरवळीत बुटाच्या खिळ्यांचे ठसे आहेत. हिरवळ वाढली असेल तर गवत हाताने बाजूला करून पाहावं लागतं.