जपानी मेलमधली प्रश्नचिन्हं: फॉन्टचं नंतर बघा, आधी मेलबॉक्सची हलवाहलव थांबवा

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले, कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. तुम्ही म्हणताय की जपानी पुरवठादाराच्या मेलचा मजकूर नीट दिसतो, पण विषयाच्या ओळीत आणि पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. तैवानची मेल उघडली की डोक्यावर टिंबं नि रेघा असलेली रोमन अक्षरं दिसतात. आयटीने जपानी फॉन्ट टाकून दिला, काही फरक पडला नाही. आणि या महिनाअखेरीला सगळ्यांचे मेलबॉक्स नवीन सर्व्हरवर हलवणार आहेत.

हे शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंय, पण सगळ्यात गंभीर तेच आहे. तुमचा मेलबॉक्स हलवू देण्याआधी मेल साठवलेल्या जुन्या फाइलची जशीच्या तशी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. आणि ‘मूळ फाइल डिलीट करणार नाही’ हे आयटीकडून लेखी घ्या. तोंडी नको.

मी आयटीतली नाही. पुण्यात जपानी भाषांतर आणि समन्वयाचं काम करते, आणि पुढचं सगळं त्या कामातून शिकलेलं आहे. मेनूंची नावं आवृत्तीप्रमाणे थोडी इकडेतिकडे होतील, आणि कंपनीच्या संगणकावर काही करण्याआधी परवानगी घ्याच.

आपल्याकडे ‘फॉन्ट टाका’ हा सल्ला इतका पटकन का येतो, तर आपण सगळे श्रीलिपी आणि कृतिदेवच्या काळातून आलोय. तेव्हा फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा, फॉन्ट टाकला की मराठी उमटायचं. तिथे अक्षर कोणतं हे फॉन्टच ठरवत होता. जपानी, चिनी, कोरियन मेलचं तसं नाही. तिथे मजकूर कोणत्या तक्त्याने (एन्कोडिंग, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर याची यादी) वाचायचा हे मेलच्या शीर्षभागात लिहिलेलं असतं, आणि फॉन्टचं काम त्याच्यानंतर सुरू होतं. फॉन्ट नसेल तर रिकामे चौकोन दिसतात. चौकोन दिसत नसतील तर फॉन्टच्या मागे लागू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये यू गॉथिक, मायक्रोसॉफ्ट याहेई, जेंगहेई आणि मालगुन गॉथिक आधीपासूनच असतात.

रोमन कचरा दिसला तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या तक्त्याने वाचला जातोय. त्या कचऱ्यावरून मूळ काय होतं तेही ओळखता येतं. नागमोडी रेघ डोक्यावर असलेला छोटा ‘ए’ दर दोन-तीन चिन्हांनी परत परत येत असेल, तर तो बहुतेक यूटीएफ-८ (आज सगळीकडे चालणारा, सगळ्या लिप्यांचा तक्ता) मधला जपानी काना, म्हणजे उच्चारानुसार लिहायची अक्षरं, आहे. डॉलरचं चिन्ह आणि कॅपिटल ‘बी’ने सुरुवात, शेवटी कंस आणि परत ‘बी’, असं दिसलं तर ते आयएसओ-२०२२-जेपी, हा मेलसाठीचा जुना जपानी तक्ता. वाटेत कुणीतरी त्यातलं एस्केप नावाचं अदृश्य चिन्ह खाल्लेलं असतं. आणि जपानी न येणाऱ्यांना हमखास फसवणारा एक प्रकार म्हणजे डाव्या बाजूला दोऱ्याचा अवयव (糸, अक्षराचा एक ठरलेला भाग) असलेल्या अवघड कांजींची, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांची, रांगच्या रांग. दिसायला अस्सल जपानी, पण एकाही शब्दाला अर्थ नाही. यूटीएफ-८ मजकूर शिफ्ट-जिस या दुसऱ्या जपानी तक्त्याने वाचला की असं होतं. तो तसाच भाषांतराला पाठवू नका, आमच्याकडे अशा फाइली खरंच येतात.

बरोबरचं चिन्ह (=), मग प्रश्नचिन्ह, मग तक्त्याचं नाव, अशी विषयाची ओळ दिसली तर तीही शाबूत आहे. विषयात इंग्रजीखेरीज इतर लिपी पाठवायची ती रीत १९९२ पासून ठरलेली आहे, तुमच्या प्रोग्रॅमने ती उलगडलेली नाही इतकंच. त्यातल्या एका तुकड्याला ७५ चिन्हांची मर्यादा आहे. काही जुने प्रोग्रॅम लांब विषयाचे तुकडे करताना एखादं अक्षर मधूनच कापतात, म्हणून कधीकधी सगळा विषय नीट आणि मधलं एकच अक्षर खराब असं दिसतं.

नुसती साधी प्रश्नचिन्हं मात्र वेगळी. एखाद्या प्रोग्रॅमला अक्षर आपल्या तक्त्यात बसवता आलं नाही की तो त्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून टाकतो. त्या प्रतीत मूळ अक्षर उरतच नाही. काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह म्हणजे हे नव्हे, ते बहुतेक वेळा वाचणाऱ्या प्रोग्रॅमने दाखवलेलं असतं आणि खाली मूळ मजकूर असू शकतो.

तुमच्याकडे मजकूर नीट आणि विषय-नावं प्रश्नचिन्हं, ही जोडी मला चांगली ओळखीची आहे. आउटलुकची डेटा फाइल (मेल साठवायची फाइल) दोन जातींची असते. २००३ पासूनची युनिकोड (सगळ्या लिप्यांना सामावणारी) जात, आणि त्याआधीची ‘९७-२००२’ जात. जुन्या जातीत विषय, नावं, कॉन्टॅक्ट हे सगळं संगणकाच्या त्या वेळच्या एकाच कोडपेजमध्ये (विंडोजचा ठरावीक लिपीपुरता तक्ता) बसवलं जातं. आपल्याकडे इंग्रजी विंडोज, म्हणजे कोडपेज १२५२. त्यात पश्चिम युरोपातली अक्षरं मावतात, कांजी मावत नाही. एचटीएमएल (रंग, मांडणी असलेल्या) मेलचा मजकूर स्वतःच्या तक्त्यासकट वेगळा साठवला जातो म्हणून तो वाचतो. फोल्डरच्या मुळावर राइट क्लिक, डेटा फाइल प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे ‘फॉरमॅट’ बघा. त्यात ९७-२००२ लिहिलेलं असेल तर उत्तर मिळालं. ही फाइल जागच्या जागी बदलत नाही. नवीन युनिकोड फाइल बनवा, येणारी मेल तिच्यात घ्या. जुन्या फाइलीत जे प्रश्नचिन्ह झालंय ते कॉपी करून परत येणार नाही. ते सर्व्हरवर मूळ मेल शिल्लक असेल तर तिथून आणा, नाहीतर पाठवणाऱ्याकडून.

आता मी इतकी कळकळीने का लिहितेय ते सांगते. आधीच्या नोकरीत आमच्या विभागाचे संगणक बदलले. बाहेरच्या एका सेवा कंपनीने सगळ्यांची जुनी मेल ‘सुरक्षित’ म्हणून नव्या फाइलींमध्ये उतरवली. ती ९७-२००२ जातीची. का, तर त्यांच्या एका जुन्या साधनाला तीच चालायची. मग जागा वाचवायला मूळ फाइली पुसल्या. मी पहिल्याच दिवशी तक्रार नोंदवली, सोबत स्क्रीनशॉट दिले. उत्तर आलं, ‘जपानी लँग्वेज पॅक इन्स्टॉल केला, तिकीट बंद.’ परत तक्रार, परत फॉन्ट, परत तिकीट बंद. फोनवरचा मुलगा विनम्र होता, पण त्याच्यासमोरच्या यादीत फॉन्टच्या पुढे ओळच नव्हती आणि वरच्या माणसाकडे तो फोन देत नव्हता. मूळ मेलचा बॅकअप टेपवर होता. तो टेप ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा वापरला गेला, आणि ती मुदत या तिकिटांच्या खेळातच संपली. कुणीतरी एकाने सुरुवातीलाच फाइलची जात बघितली असती तर सगळं परत मिळालं असतं.

गेलं काय, तर विषयाच्या ओळी. ड्रॉइंगची कितवी सुधारणा कधी आली हे आम्ही विषयावरून शोधायचो. नंतर एका वॉरंटीच्या वादात ‘ही सुधारणा तुम्हाला आधीच कळवली होती’ असं समोरून आलं, आणि आमच्याकडे त्या काळातली मेल शोधायची तर एकेक उघडून वाचण्याखेरीज मार्ग नव्हता. आणि कॉन्टॅक्टमधली नावं गेली. जपानी आडनावाचा उच्चार माहीत असून भागत नाही, एकाच उच्चाराचं नाव वेगवेगळ्या कांजींनी लिहितात, आणि पत्रावर चुकीची कांजी पडणं फार वाईट दिसतं. आम्हाला माणसांकडून व्हिजिटिंग कार्डं पुन्हा मागवावी लागली. त्यातले काही निवृत्त झाले होते.

म्हणून माझं ठाम मत, कुणाला पटो न पटो: जपान, कोरिया, चीन, तैवानशी काम करणाऱ्याने मेलची एकुलती एक प्रत आउटलुकच्या फाइलीत ठेवू नये. आउटलुक आलेली मेल स्वतःच्या साच्यात बदलून साठवतं, मूळ रूप जपत नाही. थंडरबर्ड हा दुसरा मेल प्रोग्रॅम मूळ रूप तसंच ठेवतो, कंट्रोल+यू दाबलं की दिसतं. परवानगी मिळाली तर रोजचं काम आउटलुकवर करा आणि आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) जोडलेलं थंडरबर्ड शेजारी ठेवा. महत्त्वाची मेल त्यातून ईएमएल (एका मेलची मूळ रूपातली फाइल) म्हणून जतन करा. पॉपने (मेल सर्व्हरवरून स्वतःच्या संगणकावर आणायची पद्धत) मेल उतरवत असाल आणि सर्व्हरवर प्रत ठेवत नसाल तर ते आजच बदला.

तैवानच्या मेलचं सोपं आहे. ती बहुतेक बिग५ मध्ये आहे, तैवानमध्ये १९८४ पासून चालत आलेला तक्ता, आणि पाठवणाऱ्याच्या प्रोग्रॅमने तक्त्याचं नाव लिहिलेलं नाही किंवा चुकीचं लिहिलंय. जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये मेल वेगळ्या खिडकीत उघडा, ॲक्शन्स, अदर ॲक्शन्स, एन्कोडिंग, आणि तिथे चायनीज ट्रॅडिशनल निवडा. थंडरबर्डच्या आताच्या आवृत्तीत व्ह्यू मेनूत ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ आहे, ते स्वतःच ओळखतं. चीनकडून येणारी मेल तक्त्याचं नाव जीबी२३१२ असं सांगते, पण त्या तक्त्यात ६,७६३ च चिनी अक्षरं आहेत आणि माणसांची नावं त्यात बऱ्याचदा मावत नाहीत. चीनचे माजी पंतप्रधान झू रोंगजी यांच्या नावातलं एक अक्षरसुद्धा त्यात नव्हतं. नवे प्रोग्रॅम ते नाव दिसलं तरी मोठा जीबीके तक्ता वापरतात, जुने अडखळतात.

जपानी बाजूचा एक धोका तुम्ही खरेदी विभागात आहात म्हणून मुद्दाम सांगते. तिथल्या बऱ्याच कंपन्यांची मेल अजून आयएसओ-२०२२-जेपीमध्ये येते. हा तक्ता मेलसाठी १९९३ मध्ये लिहून ठरला, कारण तेव्हाचे मेल सर्व्हर प्रत्येक चिन्हाचे सातच बिट (शून्य-एकाचे कप्पे) जपून नेतील एवढीच खात्री होती. त्यात वर्तुळातले आकडे नाहीत, अर्ध्या रुंदीचा काताकाना (कानाचा एक प्रकार) नाही, कंसातलं एकाक्षरी ‘लिमिटेड कंपनी’ हे चिन्ह नाही. लोक ती वापरतातच आणि ती वाटेत बिघडतात. सगळ्यात वाईट म्हणजे ‘पासून-पर्यंत’ दाखवणारी नागमोडी रेघ. युनिकोडमध्ये तिची दिसायला सारखी दोन चिन्हं आहेत आणि वेगवेगळे प्रोग्रॅम वेगळं निवडतात, मग ‘३ ते ५ आठवडे’ याच्या जागी ३, प्रश्नचिन्ह, ५ असं येतं. मुदत, टॉलरन्स, तापमान अशा ठिकाणी आकड्यांमध्ये प्रश्नचिन्ह दिसलं तर अंदाज करू नका, विचारा. ‘मोजिबाके झालंय’ (जपानीत अक्षरं बिघडण्याला म्हणतात) एवढं लिहिलं तरी समोरच्याला कळतं, आणि तो पीडीएफ पाठवतो.

तुमच्याकडून जाणारी मेलही तपासा. आउटलुकच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली इंटरनॅशनल ऑप्शन्स आहेत, तिथे जाणाऱ्या मेलसाठी यूटीएफ-८ निवडा. नाहीतर तुमच्या उत्तरात उद्धृत केलेलं त्यांचं जपानी मोडून परत जाईल. आणि कंपनीचा गेटवे (सगळी मेल ज्यातून आत-बाहेर जाते तो सर्व्हर) प्रत्येक मेलखाली गोपनीयतेची सूचना चिकटवत असेल तर आयटीला विचारा की ती कोणत्या तक्त्यात चिकटवते. मेल एका तक्त्यात आणि शेपूट दुसऱ्यात असं झालं की दोन्हींपैकी एक बिघडतं.

अक्षरं बरोबर पण वळण चिनी वाटतं अशी तक्रार तुमचे जपानी पाहुणे करतील कधीतरी. युनिकोडने सामाईक अक्षरांना एकच क्रमांक दिलाय, कोणत्या देशाचं वळण दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो. इथे मात्र फॉन्टचं सेटिंग खरंच उपयोगी पडतं. विंडोजच्या भाषांच्या यादीत जपानी चिनीच्या वर ठेवा.

झिप उघडल्यावर आतल्या फाइलींची नावं कचरा दिसतात हेही तुम्ही शेवटी विचारलंय. त्याचा मेल प्रोग्रॅमशी संबंध नाही. जपानी विंडोजने नावं कोडपेज ९३२ मध्ये, म्हणजे शिफ्ट-जिसच्या विंडोज रूपात, लिहिलेली असतात. सेव्हन-झिप या झिप उघडायच्या प्रोग्रॅमच्या कमांडमध्ये कोडपेजचा पर्याय देऊन ९३२ सांगितलं की नीट सुटतात.

फॉरमॅटच्या जागी काय लिहिलंय ते बघून इथेच टाका. तैवानच्या एका मेलचा शीर्षभागही टाका, त्यातले पत्ते आणि नावं खोडून.