लीफलेटमध्ये (वेब नकाशे बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) पॉलिगॉनचं, म्हणजे नकाशावरच्या बंद आकृतीचं, नाव शेजारच्या पॉलिगॉनवर जाऊन बसतं, असं का? आणि झूमप्रमाणे नावं कमी-जास्त कशी करायची?

तुम्ही सेंट्रॉइड, म्हणजे आकृतीचा गुरुत्वमध्य, वापरताय, म्हणून. पॉलिगॉन घोड्याच्या नालेसारखा किंवा चंद्रकोरीसारखा असला की सेंट्रॉइड बाहेर पडतो. गणित बरोबरच असतं, फक्त ते या कामाचं नाही.

यावरून माझं एकदा मोठं भांडण झालंय. प्रभागांचा वेब नकाशा करत होतो. प्रभाग 12 ने प्रभाग 9 ला तीन बाजूंनी वेढलेलं. त्यामुळे 12 चं नाव 9 च्या पोटात, आणि 9 चं स्वतःचं नावही तिथेच, एकावर एक. वरिष्ठांना दाखवलं. म्हणाले, "सेंट्रॉइड तो सेंट्रॉइड. सीमा बरोबर दिसतायत ना?" नाव म्हणजे त्यांच्या लेखी सजावट. शेवटी ठरलं, बिघडलेली नावं हाताने सरकवायची. एक्सेलमध्ये अक्षांश-रेखांश भरत मी दोन रात्रींत 43 नावं सरकवली.

पुढे सीमा बदलल्या, पण एक्सेलमधले बिंदू जुनेच राहिले. एक दिवस एका बाईंचा फोन आला: "माझ्या घरावर 9 लिहिलंय, क्लिक केलं की 12 येतं. मी नक्की कुठल्या प्रभागात?" फोन मीच घेतला होता आणि मूळ फाइल उघडेपर्यंत मलाही सांगता येईना. लोक रेषा वाचत नाहीत हो, नाव वाचतात. नाव चुकलं की नकाशा चुकला, सीमा कितीही अचूक असोत.

तुम्हाला हवा आहे तो कडांपासून सगळ्यांत लांबचा आतला बिंदू. त्यासाठी पॉलीलेबल हे जावास्क्रिप्टचं छोटं पॅकेज आहे. मॅपबॉक्स या नकाशा कंपनीने 2016 मध्ये आणलं, आणि लिहिलं लीफलेटच्याच कर्त्याने, व्लादिमीर अगाफोंकिन यांनी. पॉलिगॉनवर चौकोन टाकायचे, ज्यात आणखी चांगला बिंदू सापडणं शक्यच नाही ते सोडायचे, उरलेल्यांचे चार-चार तुकडे करत जायचं. वेगवान आहे.

एक खड्डा मात्र आहे, माझा अख्खा दिवस त्यात गेला. प्रिसिजन (बिंदू किती अचूक हवा) दिलं नाही तर ते 1 धरलं जातं, आणि ते तुमच्या कोऑर्डिनेटच्या एककात. जिओजेसन हा नकाशा-डेटाचा फॉरमॅट अंशांत असतो. 1 अंश म्हणजे अक्षांशात सुमारे 111 किलोमीटर! छोट्या पॉलिगॉनला मग जवळजवळ सुरुवातीचाच अंदाज परत मिळतो आणि वाटतं लायब्ररीच बिघडलीये. 0.00001 द्या. मल्टिपॉलिगॉन (अनेक तुकड्यांचा पॉलिगॉन) असेल तर त्यातला सगळ्यांत मोठा तुकडाच द्या.

डेटा पोस्टजीआयएसमध्ये (नकाशांसाठीचा डेटाबेस) असेल तर एसटी_पॉइंटऑनसरफेस आतला बिंदू देतं, पण तो कडेला चिकटलेलाही असू शकतो. आवृत्ती 3.1 पासून एसटी_मॅक्झिममइन्स्क्राइब्डसर्कल आहे (आत मावणारं सगळ्यांत मोठं वर्तुळ), त्याचा मध्य घ्या. टर्फ या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं सेंट्रॉइड तर नावासाठी अजिबात नको. ते नुसती शिरोबिंदूंची सरासरी काढतं, त्यामुळे नदीकाठची नागमोडी बाजू नाव आपल्याकडे ओढून घेते.

झूमचं थोडक्यात: झूमएंडला (झूम संपल्याचा लीफलेटचा इव्हेंट) पॉलिगॉनची पडद्यावरची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा, नाव मावत नसेल तर लपवा. नावं एकमेकांवर चढू नयेत याची काळजी लीफलेट स्वतः घेत नाही. मॅपलिब्र ही दुसरी नकाशा लायब्ररी घेते. पण तिथे व्हेक्टर टाइल्स (चौकोनी तुकड्यांत विभागलेला नकाशा-डेटा) वापरल्यात तर पॉलिगॉन टाइलच्या कडेला कापला जातो आणि तेच नाव प्रत्येक तुकड्यावर येतं, म्हणून बिंदूंचा वेगळा लेयर आधीच करून ठेवा.

हाताने सरकवणं कायमच चूक, असं मी म्हणत नाही. पॉलीलेबल वर्तुळ बसवतं, नाव मात्र आडवं असतं, त्यामुळे अरुंद, तिरप्या पॉलिगॉनला माणसाचा डोळाच बरा. पण सरकवलेल्या बिंदूसोबत पॉलिगॉनचा आयडी आणि सीमेची तारीख ठेवा, आणि सीमा बदलली की तो बिंदू आपोआप रद्द होऊ द्या. मी हे तेव्हाच लेखी कळवलं होतं. तो मेल अजून आहे माझ्याकडे.