खोलवर दाब इतका प्रचंड असतो, मग तिथल्या खडकातून पाणी जास्त जोरात वाहतं का?

नाही, बहुतेक ठिकाणी उलटंच घडतं.

पाणी हलतं ते दाबातल्या फरकामुळे. तीन किलोमीटर खाली पाण्याचा दाब साधारण ३० मेगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ तीनशे पट असतो. पण त्याच खोलीवर आजूबाजूलाही तेवढाच दाब असेल, तर पाणी जागचं हलत नाही. फ्रेंच अभियंता आँरी दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूतून पाणी सोडून केलेल्या प्रयोगांतून हा नियम मांडला. फरक किती आणि वाट किती मोकळी, यावर प्रवाह ठरतो.

खरी गुंतागुंत या वाटेत आहे. वरच्या खडकाचं ओझं दर किलोमीटरला सुमारे २६ मेगापास्कलने वाढतं आणि भेगा मिटवू पाहतं. भेगांमधलं पाणी त्यांना आतून उघडं धरतं, पण त्याचा दाब किलोमीटरला १० च्या आसपासच वाढतो. त्यामुळे जितकं खोल जावं तितकी ओझ्याची सरशी. गोलसर छिद्रं बऱ्यापैकी तग धरतात, चपट्या भेगा लवकर मिटतात. भेगेची रुंदी निम्मी झाली की प्रवाह आठव्या हिश्शावर येतो, कारण तो रुंदीच्या घनाप्रमाणे बदलतो. भेगाळलेल्या खडकाच्या नमुन्यावर बाहेरून दाब वाढवत प्रवाह मोजताना मी हे पाहत आलो आहे. सुरुवातीच्या थोड्याशा दाबातच प्रवाह कोसळतो, नंतर घट मंदावते. दाब काढून घेतला तरी प्रवाह सहसा पूर्ववत होत नाही.

खोलवरच्या उष्णतेने पाण्याचा चिकटपणा मात्र कमी होतो. २० अंशांना असतो त्याच्या साधारण पाव भागच १०० अंशांना उरतो. ही मदत खरी, पण भेग मिटली तर तेवढ्याने भागत नाही.

पाण्याचाच दाब मुद्दाम वाढवला तर भेगा पुन्हा उघडतात, जुने भ्रंशही, म्हणजे ज्यांच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकलेल्या असतात असे खडकातले मोठे तडे, घसरू शकतात. अमेरिकेत डेन्व्हरजवळच्या रॉकी माउंटन आर्सेनल या लष्करी रसायन कारखान्यात मार्च १९६२ पासून ३,६७१ मीटर खोल विहिरीत सांडपाणी सोडू लागले. दोन महिन्यांच्या आत भूकंप सुरू झाले. १९६६ मध्ये ते काम थांबवलं, तरी सगळ्यांत मोठे धक्के १९६७ मध्ये बसले, कारण साठलेला दाब खडकातून हळूहळू पसरतच होता. अशी विहीर बंद केल्यावरही आसपासचा दाब काही वर्षं मोजत राहणं सक्तीचं असावं, असं माझं ठाम मत आहे.