जुन्या फोर बाय फोर जीपचं पुढचं बेअरिंग घरी बदलता येईल का?

प्रश्न असा आहे: इंदूरला जुनी महिंद्रा जीप आहे, पन्नाशीच्या वेगाला पुढच्या डाव्या चाकातून घूं घूं येतं, मिस्त्री अख्खं हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) बदला म्हणतोय.

घरी बदलता येईल. पण आधी बेअरिंगच गेलंय का ते बघा. चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं तो खिळा. मग हब उघडण्यात अर्थ नाही. उजव्या वळणावर आवाज वाढतो का तेही बघा, तेव्हा भार डाव्या चाकावर येतो.

या जीपच्या एका चाकात दोन टेपर बेअरिंग असतात, बहुधा दोन्ही एकाच नंबरची: कोन (रोलर असलेली आतली कडी) १८५९०, कप (हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची कडी) १८५२०. जुन्यावर नंबर कोरलेला असतो, तो जुळवूनच घ्या. सोबत ऑइल सील, लॉक वॉशर आणि फ्लँजचं (शाफ्टला हबशी जोडणाऱ्या चकतीचं) गॅस्केट. जुना कप ठेवून फक्त कोन बदलायची काटकसर नको. खड्डे पडलेल्या कपावर नवे रोलर लगेच सोलतात.

मागच्या चाकांना दगड लावा आणि अ‍ॅक्सलखाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर काम करू नका. काही जुन्या जीपना डाव्या चाकाचे नट उलट्या आट्यांचे असतात, ते आधी बघा, नाहीतर सोडवतोय म्हणून आवळत बसाल. चाक, फ्लँज, शाफ्टच्या टोकाची सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), मग वॉशरची वळवलेली कड सरळ करून दोन्ही मोठे नट. त्यांना नळीचा पानाच लावा. छिन्नीने ठोकलं की नटाच्या कडा जातात आणि लोखंडाचा चुरा ग्रीसमध्ये पडतो.

जुने कप इंदूरच्या सियागंज बाजारात मिळणाऱ्या पितळेच्या रॉडने, आलटून पालटून दोन बाजूंनी ठोकून काढा. नवे कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि जुना कप वर ठेवून ठोका. पूर्ण बसला की ठोक्याचा आवाज बदलतो, बद्द वाजणारा कप टणक वाजतो. अर्धवट बसलेला कप गाडी चालल्यावर आत सरकतो आणि खेळ परत येतो. मग दोष बेअरिंगच्या कंपनीला. नवा कप हाताने हबमध्ये फिरत असेल तरच मिस्त्रीचं खरं, हब बदला. हबला आतून टिचे (पंचाने ठोकलेले खळगे) मारून कप घट्ट केला तरी तो टिकत नाही.

ग्रीस एनएलजीआय २ (हा दाटपणाचा नंबर), लिथियम कॉम्प्लेक्स. तळहातावर घेऊन कोनाच्या रुंद बाजूने दाबत राहा, रोलरमधून दुसरीकडे बाहेर येईपर्यंत. हबची पोकळी मात्र ठासून भरू नका. जादा ग्रीस तापून सीलमधून निघतं आणि ब्रेक शूवर जातं. सीलचा ओठ हबच्या आत, बेअरिंगच्या बाजूला.

आता खरी मेख. आतला नट चाक फिरवत फिरवत ६८ न्यूटन मीटरला (५० फूट-पाउंड) आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग एक षष्ठांश फेरा मागे घ्या. वॉशर घालून बाहेरचा नट तेवढाच आवळा आणि खेळ पुन्हा तपासा, कारण बाहेरचा नट आट्यांमधली ढील खाऊन आतल्याला किंचित दाबतो. चाक सहज फिरलं पाहिजे आणि हलता कामा नये. मगच वॉशरची कड वळवा.

दहा किलोमीटर चालवून हबला हात लावा. कोमट चालेल, हात टिकत नसेल तर नट घट्ट झालाय. ५०० किलोमीटरनंतर खेळ पुन्हा बघा. आणि पावसाळ्यात इंदूरजवळच्या चोरलकडे जाताना ओढ्यात गरम हब एकदम बुडवू नका. आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. उघडल्यावर ग्रीस दुधाळ दिसलं, तर तुमचं बेअरिंग यानेच गेलंय.